आबांचा आवाज

नर्सने लिहिलेल्या आठवणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मी इथे बसून सांगू शकतो. पांढरा पोशाख, थंड हात, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी, आणि शेवटच्या पानावर एक म्हातारी नर्सचा हात धरून म्हणते, "मागच्या जन्माची लेक गं तू माझी." रुमाल काढून ठेवला असेल तर परत खिशात घाला. एक तर मला मिशा आहेत. दुसरं, ज्या म्हातारीबद्दल मी सांगणार आहे तिला मी कुठल्याच जन्माचा कोणी वाटलो नाही. एकदा एसटीचा कंडक्टर वाटलो, एकदा लस टोचायला आलेला, आणि एकदा कोंबडी चोरणारा. तिसरं, सेवाभावी वगैरे माणूस बघायचा असेल तर दुसरीकडे बघा. ह्या सगळ्यात मी बहुतेक वेळ घाबरलेलाच आहे.

घाबरट मी पहिल्यापासून. नकला करायला लागलो तेही त्यामुळेच. महाडच्या शाळेत गणिताच्या सरांची भयंकर भीती वाटायची, म्हणून त्यांचा आवाज काढायला शिकलो. स्वतःच्या तोंडातून निघाला की आवाज जरा लहान होतो. एकदा वर्गाच्या खिडकीबाहेरून "कोण बोलतंय रे?" एवढंच म्हणालो तर अख्खा वर्ग चिडीचूप, आणि वर्गात शिकवत होते ते खुद्द सरच, ते पण गप्प. पुढे नर्सिंग केलं, महाडच्या एका दवाखान्यात लागलो. तिथे मोठ्या डॉक्टरांसारखं नुसतं खाकरलो तरी वॉर्डबॉय बिड्या विझवायचे. सगळे मला ब्रदर म्हणायचे. अजूनही म्हणतात.

तिथल्या मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि घरी बसायचं सोडून त्यांनी नवीनच काम काढलं. ज्यांच्या घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलंय, घरातून निघून जायला लागलंय, पोराला ओळखत नाही, त्या घरच्यांना नीट जागा शोधून द्यायची. मला म्हणाल्या, "तुझं तोंड वॉर्डात गप्प बसत नाही. घरोघर जायला तूच बरा." मी गेलो. अजून तेच करतो.

काम असं. मुंबईहून फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मी ते बायकी आणि पुरुषी दोन्ही आवाजांत म्हणून दाखवू शकतो: "ब्रदर, आम्हाला तिला टाकायचं नाहीये हां, पण..." ह्या 'पण'नंतर जे येतं ते ऐकायला मी घरी जातो. चहा पितो. म्हाताऱ्या माणसाशी गप्पा मारतो आणि बघत राहतो. नळ बंद करता येतो का, गॅस उघडा ठेवला जातो का, परसात गेलेलं माणूस परत दारातून आत येतं का. मग सांगतो, ह्यांचं घरीच भागेल, दिवसाची बाई ठेवा. किंवा ह्यांना साधा वृद्धाश्रम चालेल. किंवा, आणि हे सांगताना मी चहाचा कप खाली ठेवतो, ह्यांना अशी जागा पाहिजे जिथे डिमेन्शिया म्हणजे काय ते कळतं.

अशा जागा थोड्या. आमच्या बाजूला तर नाहीतच म्हणा. पनवेलकडे, नाहीतर घाट चढून पुण्याकडे. त्या मी आधी बघून येतो, न कळवता, जेवणाच्या वेळेला. मालक ऑफिसात बसवून फोटो दाखवायला लागले की मी "जरा बाथरूम" म्हणून आत सटकतो. वास बघतो. माणसांच्या पायाची नखं बघतो, कारण हाताची नखं कापलेली सगळीकडे असतात, नातेवाईकांना दिसतात ना. भरवणारी मावशी घास देताना त्या आजीशी बोलतेय की दुसऱ्या मावशीशी, ते बघतो.

आणि गावात मी आलो की म्हातारी माणसं गोठ्यात जाऊन बसतात. दासगावला एक आजोबा मला बघून चक्क श्वास रोखून पडले. मी नाडी धरली तर एक डोळा उघडून म्हणाले, "गेलोय मी. जा तू." हसलो मी, पण बाहेर येऊन बाईकला चावी लावायला दोन-तीनदा चुकलो. आपण दारात आलो की माणूस मेल्याचं सोंग करतो, हे काही फार चांगलं वाटत नाही.

तर ती म्हातारी. पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या घाटाकडे जाणारा रस्ता सोडून आत, एक वाडी आहे. गाडी एका वळणापर्यंत जाते, पुढे पायवाट. घरं बरीच, पण निम्म्याच्या वर घरांना कुलपं. मालक मुंबईला. ह्या घरात दोघीच. म्हातारी आणि तिची सून. पोरं शिकायला बिरवाडीला मामाकडे. मुलगा मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचाच फोन आला होता.

"ब्रदर, टेन्शन नाय द्यायचं तुला, पण एक अच्छी जागा बघ. आई आता लिफ्टसारखी झालीय. बटन दाबतो ग्राउंडचं, उघडते चौथ्यावर. मला बघते नि विचारते, तू कोणाचा रे? फिर दोन मिनिटांनी बोलते, जेवलास का बाबू?"

मी गेलो तेव्हा म्हातारी ओट्यावर वाल निवडत बसली होती. बारीक, ताठ, उजवा पाय किंचित ओढत चालणारी. माझ्या खांद्यावरची बॅग बघून तिने कमरेची चंची चाचपली आणि म्हणाली, "महाड एक."

आता असं कोणी म्हटल्यावर मी कशाला सोडतोय? "पुढे सरका, पुढे सरका! आजी, सुटे द्या! कापडे, पोलादपूर, महाऽड!" तोंडानेच टिंग टिंग घंटी मारली. म्हातारी खुदकन हसली. दारात उभी असलेली सून, मी तिला वहिनी म्हणतो, तीही हसली. म्हणाली, "भावजी, लय दिसांनी हसल्या हो आत्या."

हसली ते खरं, पण घरी राहण्यासारखी राहिली नव्हती. एकदा वहाळाच्या पाण्यात मांडीभर उभी सापडली. एकदा घाटरस्त्यावर, समोर ट्रक उभा, ड्रायव्हर खाली उतरून हात जोडतोय आणि ही त्याला शेताची वाट विचारतेय. वहिनी एकटी. म्हैस, शेत, चूल, आणि दिवसभर कान म्हातारीच्या पायांकडे. आणि संध्याकाळ झाली की म्हातारीचं एकच सुरू व्हायचं: "हे आले नाय अजून. कुठं ऱ्हायले?" हे म्हणजे तिचा नवरा. घरात सगळे आबा म्हणायचे. आबा जाऊन काही वर्षं झाली होती. सांगितलं तर नवीन बातमी असल्यासारखी रडायची. नाही सांगितलं तर शोधायला निघायची.

तिने गोळ्या घेणं बंद केलं तेव्हा मी पुन्हा गेलो. तोंडात घातलेली गोळी ती थुंकायची, ती पण नेम धरून. वहिनी वैतागून म्हणाली, "मामंजी असते तर एका शब्दात घेतली असती. त्यांचा शब्द नाय मोडायच्या कधी." आणि तिने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. शिमग्याची पालखी, गर्दी, आणि मध्ये आबा. फेटा घसरलेला, घामाने निथळतायत, आणि ओट्यावर उभ्या असलेल्या बायकोला ओरडून सांगतायत, "गोऽ ए! पाणी आण गो!" आधी घशात एक खरखर, मग 'गो' लांब ओढलेला, आणि शेवटचा 'गो' एकदम मऊ. जणू आधी ओरडून मग लाजले.

तो व्हिडिओ मी मागून घेतला. घाट उतरताना हेल्मेटच्या आत म्हणत आलो. गोऽ ए. गोऽ ए. पोलादपूर येईपर्यंत नीट जमत नव्हतं. पुढे हायवेला कुठेतरी जमलं. हेल्मेट लहानशी जागा असते. त्यात मी आणि एक गेलेला माणूस असे दोघं झालो. बाईक बाजूला लावून हेल्मेट काढलं, थोडा वेळ ट्रक बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी माजघराच्या दाराआड उभं राहून मी म्हणालो, "गोऽ ए! घे गो ती गोळी."

म्हातारीने गोळी घेतली. पाणी प्यायली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि दाराकडे पाठ करून बसली, पूर्वीच्या बायका मोठ्या माणसांसमोर बसत तशी. वहिनी हातात केरसुणी धरून उभी होती. ती आधी हसली, मग चुलीकडे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी वहिनी देवळाच्या पायरीवरून फोन लावायची, कारण रेंज तिथेच. म्हातारीला बाजूला बसवून स्पीकर लावायची. "आबांचा फोन हाय, आत्या." मी जिथे असेन तिथून, कधी महाडच्या स्टँडवरून, कधी एमआयडीसीच्या बसच्या मागे कानात बोट घालून, आबा व्हायचो. "गोऽ ए, जेव गो. निज गो आता." म्हातारी जेवायची, निजायची. वहिनीने नवऱ्याच्या कानावर तेवढं घातलं होतं, वाडीतल्या कुणाला आम्ही सांगितलं नव्हतं. मोठ्या सिस्टरांनाही नाही.

एकदा पलीकडून म्हातारीच बोलली. "कवा येणार तुमी?"

माझ्यासमोर वडापावची गाडी होती. माणूस तेलात वडे सोडत होता. मी म्हणालो, "येतो."

फोन ठेवला. काय बोललो मी? कोणाच्या वतीने बोललो? पण गोळ्या पोटात जात होत्या, म्हातारी एकटी घराबाहेर पडत नव्हती. मी वडापाव घेतला आणि खाल्ला.

जागा मिळाली. पनवेलच्या अलीकडे, छोटीशी, कंपाउंडच्या आत गोल फिरायला वाट, म्हणजे चालत सुटलेलं माणूस चालत चालत परत तिथेच येणार. पायाची नखं कापलेली. मोठ्या सिस्टरही बघून आल्या आणि हो म्हणाल्या. मुलाने रजा काढली. भातकापणीचे दिवस होते. सकाळी इको गाडी वळणापाशी येणार आणि आम्ही निघणार, असं ठरलं. आदल्या दुपारी मीही वर गेलो, म्हणजे गाडीत बसताना तिला एक तरी चेहरा ओळखीचा वाटेल. कंडक्टरचा का असेना.

घरातलं काहीतरी ओळखीचं बरोबर द्या, असं त्या जागेवाल्यांनी सांगितलं होतं. वहिनीने दोन लुगडी, एक पितळी पेला आणि म्हातारीचं सूप काढलं. तांदूळ पाखडायचं, बांबूचं, चांगलं पसरट. ते बॅगेत जाईना. मुलगा म्हणाला, तिरकं घाल. मी म्हणालो, बॅगच सुपात घालू. वहिनी म्हणाली, "तोडू नका हो ते!" आम्ही तिघं त्या सुपाशी कुस्ती खेळत होतो आणि हसत होतो. खूप हसत होतो, सकाळी काय करायचंय ते तिघांनाही माहीत असल्यामुळे असेल. हसता हसता मुलगा एकदम खाली बसला, त्या सुपावर तोंड ठेवून रडायला लागला. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

मग वहिनी म्हणाली, "आत्या तुमच्याजवळ ना, भावजी?"

मी म्हणालो, "मोरीत आहेत ना?"

मुलगा म्हणाला, "ओट्यावर."

मोरीत नव्हती. ओट्यावर नव्हती. गोठ्यात म्हैस मान वळवून बघत होती. परसाचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, वहिनी रोज दोरी बांधून ठेवायची ते, उघडं होतं. अशी माणसं किती लांब जातात ते मला माहीत आहे. कशी सापडतात तेही.

वाडीत जेवढी माणसं होती तेवढी बाहेर आली. म्हणजे शेजारचे काका, तीन-चार बायका आणि दोन कुत्री. सगळ्यांनी हाका घातल्या. "आयेऽ!" "काकीऽ!" "आत्याऽ!" ऊन डोंगराच्या टोकाला गेलं होतं. आमच्याकडे दरीत संध्याकाळ होत नाही, एकदम झाकण पडतं. त्या बाजूला बिबट्या फिरतो असं काका बोलून गेले आणि मग मुलाकडे बघून म्हणाले, "तसा आता लय दिवस नाय दिसला."

मी देवळाच्या पायरीवर धावत गेलो आणि मोठ्या सिस्टरांना फोन लावला. धाप लागली होती. "सिस्टर, म्हातारी गेली."

"गेली म्हणजे? वारली?"

"नाही, निघून गेली. सापडत नाही. कुठे शोधू?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "कुठे गेली ते नंतर. आज ती कुठल्या वर्षात आहे ते घरात विचार. मग तिथे जा."

वहिनीला विचारलं. वहिनी डोळे मोठे करून म्हणाली, "दुपारपास्नं चाललंय, हे भात कापतायत, भाकर न्यायचीय." म्हणजे आबा धडधाकट होते त्या वर्षात. आणि भात कापायचं शेत खाली, वहाळाच्या काठाला.

आम्ही उतरलो. मुलगा पुढे, मी मागे, वहिनी आणि काका माझ्या मागे. बांधावरच्या ओल्या मातीत मला तिचा पाय उमटलेला दिसला. डावा साधा, उजव्याच्या मागे ओढल्याची रेघ. चालताना मी तिला इतक्या वेळा बघितलं होतं की ती रेघ बघून मला ती समोर चालत असल्यासारखी वाटली. रेघ शेतापर्यंत आली. निम्मं शेत कापलेलं, पेंढ्या रचून मोठी उडवी लावलेली, म्हणजे भाताची गोल गंजी. तिथून पुढे कापलेल्या भाताची खोडं, त्यात पाय उमटत नाही. आणि त्यापुढे वहाळ. पावसाळा संपला तरी पाणी बऱ्यापैकी, आणि वळणावर डोह, काळा.

मुलगा सरळ पाण्यात उतरला. पँटसकट, कमरेपर्यंत, मोबाईलची बॅटरी वर धरून. "आये! आये गो!" त्याची हिंदी कुठल्या कुठे गेली होती. पाय पाण्यात फिरवून फिरवून तळ चाचपत होता. काय लागतंय पायाला ते बघत होता. मी काठावर उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं: नको लागू दे. काही नको लागू दे.

तेवढ्यात तो थांबला आणि माझ्याकडे वळला. "ब्रदर. आबांचा आवाज काढ."

"आत्ता?"

"काढ ना! आबांचं ऐकते ती. बोल लवकर!"

मी उडवीला पाठ टेकून उभा राहिलो. घसा खरडला आणि आवाज काढला. "गोऽ ए!"

समोरच्या डोंगराने तो परत पाठवला. गोऽ ए. फोनवर बारीक असायचा तो आवाज, इथे दरीभर झाला. मागे काका मटकन खाली बसले. त्यांना आमचं फोनचं काही माहीत नव्हतं. "कोण रे तो? कोण हाक मारतंय? ओ देऊ नका कोणी!"

"तुम्ही गप्प बसा काका!" मुलगा पाण्यातून ओरडला. "काढ, ब्रदर, अजून मोठा!"

"गोऽ ए! कुठं हायस गो? ये गो इकडं!"

काही नाही. दोन्ही कुत्र्यांनी शेपट्या पायांत घातल्या. मी परत हाक मारली. परत. दर वेळी आवाज जास्त आबांचा व्हायला लागला, मला थांबवता येईना, आणि दर वेळी डोंगरातून मला कोणीतरी त्याच आवाजात उलट हाक मारायचं. मी आयुष्यभर लोकांचे आवाज घेत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आता हा आवाज आपल्याला सोडणार नाही. आणि त्याहून वाईट वाटलं ते असं, की रोज जेवणारी, गोळी घेणारी, पदर सावरणारी म्हातारी जर ह्या आवाजाला येत नसेल, तर ती येण्यासारखी राहिलेलीच नाही. मुलालाही तेच कळलं. तो पाण्यात तसाच उभा राहिला. बॅटरी खाली आली. डोहावर उजेडाचा एक गोल हलत राहिला.

वहिनी कोणाकडे बघत नव्हती. ती शेतात मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि रोज घरात बोलते तशा कावलेल्या आवाजात बोलायला लागली. "आत्या, म्हशीला पाणी दाखवायचं ऱ्हायलंय. भात चुलीवर हाय, करपला तर मला बोलू नका. मी एकटी काय काय करू? तुमचं आपलं बरं, निघालं की निघालं. चला आता. लय झालं."

माझ्या पाठीमागे उडवीत खसखस झाली.

"हळू बोल गो," कोणीतरी कुजबुजलं.

मी उडी मारली ती सरळ बांधावर. वहिनी धावत आली, पेंढ्या बाजूला केल्या. उडवीच्या मागच्या अंगाला, पेंढ्या ओढून अंगावर घेऊन म्हातारी बसली होती. गुडघे पोटाशी. पदराचा बोळा तोंडात. माझ्यापासून हातभर. एवढा वेळ, मी तिच्या नावाने बोंबलत होतो एवढा वेळ, ती तिथेच होती. तिने वहिनीचा हात पकडून तिला खाली ओढलं आणि तिच्याच तोंडावर हात दाबला.

"ओ देऊ नको," म्हणाली. "हे बोलवतायत. मेलंय ते माणूस. ओ देऊ नको, गो, नेतील आपल्याला."

आमच्याकडे हे लहानपणीच शिकवतात. तिन्हीसांजेला रानातून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. गेलेल्या माणसाची असेल तर कधीच नाही. मला माहीत होतं. नर्सिंगची पुस्तकं वाचूनसुद्धा माहीत होतं, मी स्वतःही दिली नसती. ती भाकर घेऊन निघाली तेव्हा आबा जिवंत होते. शेतात आली, कापलेलं भात बघितलं, विळा चालवणारं कोणी नाही बघितलं, आणि तिथे कुठेतरी तिला सगळं आठवलं. माणूस गेलाय. आणि बरोबर त्याच वेळी, हातभर अंतरावरून, तो माणूस हाका मारायला लागला.

मुलगा पाण्यातून धावत आला. त्याने आईला उचलून घेतलं, लहान पोरीसारखं. ती त्याला म्हणाली, "भिजलास किती रे बाबू. कुठं कडमडला होतास?" तो पूर्ण चढ तिला घेऊन चढला. कोणाला हात लावू दिला नाही.

ती सकाळी पनवेलला गेली, हे आताच सांगून टाकतो. गाडी ठरल्याप्रमाणे आली, ती बसली, खिडकीशी बसायला मिळालं म्हणून खुशही होती. तिथे आहे अजून. गोल वाटेवर चालते. संध्याकाळी कोणाची वाट बघते की नाही ते मला विचारू नका, मी अजून त्या वेळेला तिथे गेलेलो नाही. दुपारी जातो, जेवणाच्या वेळी. फोनवर मी कोणाचा आवाज काढत नाही, आणि वहिनीनेही परत कधी सांगितलं नाही.

पण त्या संध्याकाळी चुलीपुढे आम्ही सगळे बसलो होतो. म्हातारीच्या अंगावर घोंगडी, हातात चहा. मी नाडी बघितली, पाय बघितले, काटे काढले. ती मान वाकडी करून माझ्या हाताकडे बघत होती. काका दाराशी बसून अजून बाहेरच्या अंधाराकडे कान लावून होते. म्हातारी मध्येच थांबायची, घोट गिळायची आणि छपराकडे बघायची. "परत हाक येईल," म्हणायची. "एवढ्यावर नाय थांबत ती."

मुलाला ते बघवेना. त्याला वाटलं, खरं सांगितलं की हिची भीती जाईल. "आये, नाय गो. आबा नव्हते ते. हा ब्रदर होता. हा नकला करतो. मीच सांगितलं त्याला. ब्रदर, सांग ना तिला."

मी मान खाली घालून म्हणालो, "हो आजी. मीच होतो."

म्हातारीने चहा खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं की ती कुठल्या वर्षात आहे हे विचारायची मला गरज वाटली नाही. ती बरोबर आजच्याच वर्षात होती.

"तू?" म्हणाली. "तू घातलीस हाक?"

"हो."

"तिन्हीसांजेला? पाण्याच्या काठाला? गेलेल्या माणसाची?" आवाज चढायला लागला. वहिनी "आत्या, जाऊ द्या" म्हणायला गेली तर तिलाही हाताने गप्प केलं. "शिकलेला ना तू? सुया टोचतोस ना लोकांना? तुझ्या घरात बाईमाणूस हाय का नाय सांगायला? मी भ्याले ते सोड. माझं काय, मी बसले गप. तू कोणाला बोलवत होतास ते ठाव हाय का तुला? त्यांचाच आवाज, त्यांचंच शेत, त्यांचाच डोंगर. माणूस कसला होता तो? एका हाकेला ओ देणारा! आन् दिली असती म्हंजे? आले असते वर, उभे ऱ्हायले असते तुझ्यापुढं, काय रे म्हणून, मंग? काय सांगणार होतास? चुकून हाक मारली? एवढ्या अंधारात माघारी कोणी सोडायचं होतं त्यांना? तू? तुला वाट तरी ठाव हाय का?"